जिजाबाई अध्यक्ष आणि कुंपणाचं भोक

टेपाच्या वाडीतल्या जिजाला माणूस आवडायला फार वेळ लागे, आणि नावडायला अजिबात लागत नसे. इस्त्रीचा शर्ट घातलेला कोणी वाडीचा चढ चढू लागला की चुलीपाशी बसल्या बसल्या ती म्हणे, "आलं बगा येक बुजगावनं." मग तो मत मागणारा असो, मच्छरदाण्या वाटणारा असो की पोरांना बिस्किटं देऊन त्यांचे फोटो काढून नेणारा असो. सगळ्यांना ती एकाच मापानं मोजी, आणि खरं सांगायचं तर ते माप फारसं चुकत नसे. एकदाच चुकलं, त्याची ही हकिकत.

पनवेल सोडून एक्सप्रेसवे पुण्याकडे निघतो, त्याच्या डोंगराकडच्या अंगाला ही वाडी. रस्त्यापलीकडे मोठं गाव, गावात बाजार आणि बाजाराशेजारी गावची मोठी शाळा. वाडीतून त्या शाळेचा झेंडा स्पष्ट दिसतो. पण दिसतं ते जवळ असतंच असं नाही. मधून सहा पदरी रस्ता जातो आणि त्यावरून गाड्या अशा जातात की माणसाकडे बघायला कोणाला सवड नसते. तिकडे जायची रीतसर वाट कोन गावाच्या बाजूला पुलाखालून आहे. तिनं जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. दुसरी वाट कुंपणाच्या भोकातून. तारा कोणी तोडल्या हे वाडीत कोणालाच ठाऊक नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. बायका डोक्यावर मोळी घेऊन त्या भोकातून निघत, गाड्यांत फट दिसली की दुभाजकापर्यंत धावत, तिथल्या कण्हेरीला धरून उभ्या राहत आणि पुन्हा धावत. जिजाचा नवरा अनंता त्या कण्हेरीपर्यंत पोचला होता, पुढं पोचला नाही. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. तेव्हापासून वाडीत एक नियम होता आणि तो जिजाचा होता. मोठ्यांनी काय मरायचं ते मरावं, पोरानं भोकाकडं फिरकायचं नाही. तिची नात रूपा एकदा नुसती तारेपाशी करवंदं वेचताना दिसली, तर जिजानं तिला ओल्या फोकानं मारलं होतं.

वाडी कातकऱ्यांची. जमीन कोणाच्याच नावावर नाही. डोंगर वनखात्याचा, सपाटी गावकऱ्यांची, आणि विमानतळ आल्यापासून ती सपाटी नेमकी कोणाची हे गावकऱ्यांनाही सांगता येत नाही. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येई आणि अख्खी वाडी वीटभट्टीवर जाई, भांड्याकुंड्यांसकट आणि पोराबाळांसकट. जिजाचं लहानपण भट्टीवरच गेलं. ओल्या विटा उन्हात रांगेनं मांडतात. वरची बाजू सुकली की त्या उलट्या कराव्या लागतात, आणि मधल्या रांगांपर्यंत जायचं तर विटांवर पाय देऊनच जावं लागतं. मोठ्या माणसाच्या वजनानं वीट दबते, म्हणून या कामाला हलकी पोरं लागतात. जिजा कळायला लागल्यापासून विटा उलटत होती. पुढं अंग भरलं, पायाखाली कोपरे मोडायला लागले, तसं मुकादमानं तिला खाली उतरवून चिखल तुडवायला लावलं. शाळा नावाचं काही असतं हे तिला लग्नानंतर कळलं.

वाडीत शाळा आली ती तिचा मुलगा अंकुश भट्टीवर जायला लागल्यानंतर. दोन खोल्या, चौथीपर्यंतचे वर्ग आणि शिकवायला एक बाई. जिजाला तिथं खिचडी शिजवायचं काम मिळालं आणि त्या दिवसापासून तिनं भट्टीचं तोंड पाहिलं नाही. दिवाळीनंतर ट्रक आला की ती वाटेत कमरेवर हात ठेवून उभी राही. "जायचं तर तुमी जा. पोरं हितं ऱ्हातील." आणि पोरं राहत. दुपारी शाळेची खिचडी, संध्याकाळी जिजाच्या चुलीवर उरल्या भाताची पेज, आणि झोपायला तिची झोपडी नाहीतर कोणा म्हाताऱ्याची. वाडीत ही रीतच पडून गेली. एखादी बाई पोराला ट्रकमध्ये चढवायला लागली तर जिजा सगळ्यांदेखत विचारी, "विटा उलटाया जन्माला घातलंस काय त्याला?" ती बाई पोराला खाली उतरवी. अंकुशची मुलगी रूपा अशीच आजीजवळ राहून तिसरीत पोचली होती.

आता जिजा अध्यक्ष कशी झाली ते. दिल्लीच्या संसदेनं शिक्षणहक्काचा कायदा केला, त्यात लिहिलं की प्रत्येक सरकारी शाळेला एक समिती असावी, तीत पालक जास्त असावेत, निम्म्या बायका असाव्यात, दुर्बलांनाही त्यांची जागा मिळावी. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. हेतू चांगला ठेवायला दिल्लीत काही त्रास पडत नाही. वाडीच्या शाळेतल्या वसुंधराबाई नवीन पनवेलहून स्कूटरवर येत. त्यांनी वाडीवर एक नजर टाकली. पालक पाहिजे, बाई पाहिजे, आदिवासी पाहिजे, शिवाय दिवाळीनंतर जागेवर सापडली पाहिजे. अशी एकच होती. रूपानं आजीला सही करायला शिकवलं आणि जिजाबाई अध्यक्ष झाल्या.

पहिल्याच सभेला कृष्णकांत आले. हे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या डझनभर शाळांवर देखरेख ठेवणारे. कृष्णकांत वाईट माणूस नव्हते. वाईट व्हायलासुद्धा थोडी हिंमत लागते. साऱ्या नोकरीत एकही निर्णय आपण होऊन घेतला नाही, याचा त्यांना मनापासून अभिमान होता. सरकारी शाळांच्या गुणवत्तेवर ते तासभर बोलू शकत. आपली मुलगी मिताली त्यांतल्या एकाही शाळेत का नाही, यावर बोलायला मात्र त्यांना सवड होत नसे. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, "ही शाळा सरकारची नाही, तुमची आहे. कायद्यानं तुम्ही मालक आहात."

"मालक आमी," जिजा म्हणाली, "तर मंग छप्पर गळतं ते कुनाचं?"

"त्याचा प्रस्ताव वर गेलाय."

"वर म्हंजे छपरावं?"

म्हाताऱ्या हसल्या. कृष्णकांतांनीही हसून घेतलं आणि ते चहा न पिता गेले. जिजानं त्यांच्या पाठीकडं बघून मान हलवली. या माणसाला आपण केव्हाही खिशात घालू, अशी तिची त्या दिवसापासून खात्री झाली.

मग दिल्लीहून नवी योजना आली. निवडक सरकारी शाळांना आदर्श करायचं, त्यांना भरपूर निधी द्यायचा, संगणक द्यायचे, भिंती रंगवायच्या. रस्त्यापलीकडची शाळा निवडली जाण्याजोगी होती, फक्त पट थोडा कमी पडत होता. पट वाढवायला पोरं जन्माला घालणं खात्याच्या हातात नव्हतं. आसपासच्या बारक्या शाळा बंद करून त्यांची पोरं तिकडं वळवणं हातात होतं. याला कागदावर समायोजन म्हणतात. अडचण एकच होती. लहान मुलांना शाळा किलोमीटरभराच्या आत पाहिजे, असं नियम सांगतो. कृष्णकांतांनी फोनमध्ये वाडीवर बोट ठेवलं, मग शाळेवर ठेवलं, आणि फोननं कावळा उडेल तसं सरळ रेषेतलं अंतर सांगितलं. किलोमीटरच्या आत बसत होतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या तरी दिसतात.

"साहेब, मदी रस्ता हाय," जिजानं सभेत सांगितलं.

"रस्ता आहे ते चांगलंच आहे, जिजाबाई. रस्ता असला की मुलांची सोय होते."

 शेवटी वसुंधराबाईंनी धीर करून सांगितलं की समितीला घेऊन वाट प्रत्यक्ष पाहावी, तशी तरतूद आहे. कृष्णकांतांना तरतूद म्हटलं की नाही म्हणता येत नसे. एप्रिलातला एक दिवस ठरला.

वसुंधराबाई तशा भित्र्या, पण त्या वेळी त्यांनी डोकं चालवलं. आदल्या दिवशी खिचडीच्या चुलीपाशी येऊन त्या जिजाला म्हणाल्या, "उद्या साहेबांना पुलाखालच्या वाटेनं न्यायचं. सगळी वाट चालवायचं. घाम निघाला की ते स्वतःच लिहितील, वाट लांब आहे म्हणून. तुम्ही फक्त बोलू नका. आणि भोकाचं नावही काढू नका."

"मी काय येडी हाय, बाई?"

"वेड्या नाही. तुमची जीभ राहत नाही, म्हणून सांगते. शाळा गेली तर काय होईल ते मी सांगायला नको."

"दिवाळीला टरक येल आन पोरं जातील," जिजा म्हणाली. "ठावं हाय मला."

दुसऱ्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ऊन असं होतं की डांबर बुटाला चिकटत होतं. कृष्णकांतांनी आधी छत्री उघडली, मग टोपी घातली, मग रुमाल भिजवून मानेवर ठेवला. पूल अजून दिसतसुद्धा नव्हता तेव्हाच ते एका आंब्याखाली बसले आणि बाटलीतलं पाणी संपवून म्हणाले, "फारच लांब आहे हो हे. लहान मुलांना कसं जमायचं?" वसुंधराबाईंचा चेहरा खुलला. कृष्णकांतांनी फोन काढून लिहायला सुरुवातही केली होती. आणखी थोडा वेळ ते गप्प बसते तर वाडीची शाळा आज चालू असती.

पण साहेबलोकांना गप्प बसणं जमत नाही. लिहिता लिहिता ते थांबले. "एक सांगा मला. तुमच्या बायका बाजाराला याच वाटेनं जातात ना, डोक्यावर मोळी घेऊन? मग पोरांनाच काय झालं?" आणि वसुंधराबाईंकडे वळून हलक्या आवाजात, पण ऐकू जाईल असं म्हणाले, "मुळात या लोकांना इच्छाच नसते. फुकट मिळालं तर दारात पाहिजे."

जिजानं याहून वाईट ऐकलेलं होतं. भट्टीवर ऐकलं होतं, बाजारात ऐकलं होतं. तिथं ती गिळूनही बसली होती, कारण ऐकवणारे दांडगे होते. पण हा, ज्याला अर्धी वाट चालवत नव्हती, ज्याच्या मानेवर ओला रुमाल होता, हा आपल्याला चालायचं शिकवणार? तिच्या तोंडात तीळ भिजत नसे तो नसेच.

"या वाटंनं कोन जातो?" ती म्हणाली. "आमी काय साहेब हाव इतकं वळसं घ्यायाला?"

वसुंधराबाईंनी तिच्या पदराला हिसका दिला. जिजानं पदर सोडवून घेतला.

"मग कुठून जाता?" कृष्णकांतांनी विचारलं.

"चला, दावते. तुमाला झेपायची नाय ती."

आणि अध्यक्षीणबाई पुढं झाल्या. परत वाडीखाली येऊन कुंपणापाशी त्यांनी कासोटा घट्ट केला, एका बाजूला वाकून त्या भोकातून निघाल्या, रस्त्याकडेला उभ्या राहिल्या, आणि फट दिसताच धावल्या. कण्हेरीला धरून क्षणभर थांबल्या, जिथं अनंता पडला होता त्याच्या जवळच, आणि पुन्हा धावल्या. वरच्या उतारावर वाडीतले म्हातारे आणि पोरं जमून बघत होती. पलीकडं पोचल्यावर जिजा कमरेवर हात ठेवून वळली. पाठीमागं हाकेच्या अंतरावर मोठ्या शाळेचा झेंडा होता.

"या साहेब," ती ओरडली. "या की. शाळा हितंच हाय."

कृष्णकांत आले नाहीत. त्यांनी भोकातून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. ते फक्त फोन उंच धरून उभे होते. उतारावर सगळे खदाखदा हसत होते, रूपाही हसत होती, आणि जिजाला वाटलं, बुजगावणं घाबरलं. ते घाबरलेलं होतंच. पण आयुष्य कागदांत काढलेल्या माणसाला एक गोष्ट येते, समोर दिसेल ते आपल्या सोयीनं कागदावर घेणं, आणि ती त्यांना येत होती. जिजा परत आली तेव्हा त्यांनी हात जोडले. "आभारी आहे, अध्यक्षताई. मोठंच काम केलंत." त्यांचा शर्टही बराच वाळला होता.

गाडी गेल्यावर वसुंधराबाई म्हणाल्या, "त्यांनी वाट मोजली, जिजाबाई. तुम्ही चाललात ती." जिजा हसायची थांबली.

अहवालात लिहिलं होतं की ग्रामस्थांच्या नित्य वापरातील पायवाट अस्तित्वात असून समितीच्या अध्यक्षांनी ती स्वतः चालून दाखविली आहे. सोबत फोटो होते. एका फोटोत जिजा कण्हेरीपाशी होती आणि चांगली ठसठशीत आली होती. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. वसुंधराबाईंना त्यांच्या घराजवळची शाळा मिळाली, जाताना त्या रडल्या आणि वेळेवर निघूनही गेल्या. जिजा पनवेलला कृष्णकांतांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"ती पोरांची वाट नाय," ती म्हणाली. "माजा नवरा मेला त्या वाटंवर."

"मग त्या दिवशी सांगायचं होतंत," कृष्णकांत म्हणाले. "तुम्ही तर हसत दाखवलीत."

बुजगावणं खरं बोललं होतं. ते पुढं म्हणाले की काळजी करू नका, गाडीची सोय होणार आहे, प्रस्ताव वर गेलाय. या वेळी तिनं वर म्हणजे कुठं ते विचारलं नाही.

मोठ्या शाळेत प्रवेशोत्सव झाला. त्या एका दिवसापुरता टेम्पो आला, वाडीच्या पोरांना गुलाबाची फुलं, बूट आणि मोजे मिळाले, पाहुण्यांबरोबर फोटो झाले. रूपाचे बूट मोठे होते, तरी तिनं ते घरी येईपर्यंत काढले नाहीत. त्यानंतर टेम्पो पुन्हा दिसला नाही. कृष्णकांतांनी जिजाचा तो फोटो कौतुकानं कुठल्याशा ग्रुपवर टाकला होता. तिथून तो फिरत फिरत रस्त्याची देखभाल करणाऱ्यांकडे पोचला. एक्सप्रेसवेवर माणसं पायी धावतात हे बघून ते हबकले, आणि सरकारी काम इतक्या चपळाईनं झालेलं वाडीनं कधी पाहिलं नव्हतं. भोकाच्या जागी काँक्रीटची भिंत उभी राहिली. एका खात्यानं ज्या भोकाला वाट म्हटलं, ते दुसऱ्यानं बुजवून टाकलं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं आणि कोणालाच कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

पोरं पुलाखालून जायला लागली. आधी पहिलीची गळली, मग दुसरीची. रूपा आणि आणखी दोघी श्रावणापर्यंत टिकल्या. त्या पोचेपर्यंत दुसरा तास सुरू झालेला असे. शेवटी त्याही थांबल्या. पटावर मात्र वाडीची पोरं एकूण एक अजून आहेत. तो पट पुरा भरला, शाळा निवडली गेली आणि तिच्या भिंतीवर धावणाऱ्या मुलामुलींची चित्रं काढली गेली. ती इकडून वाडीतूनही दिसतात.

खिचडीची चूल गेली तसा उरला भातही गेला. दिवाळी झाली. मुकादम भगवान ट्रक घेऊन आला. जिजा नेहमीसारखी वाटेत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ज्या बाईला ती एका वर्षी सगळ्यांदेखत टाकून बोलली होती, तीच पोराला काखेत घेऊन समोर आली. तिनं रागानं नाही, सरळच विचारलं, "हितं ऱ्हाऊन पोर करंल काय, आन खाईल काय?"

जिजा बाजूला झाली.

रूपाला एकटी धाडायची नाही एवढंच तिनं ठरवलं. गाठोडं बांधून तीही ट्रकमध्ये चढली. अंकुश म्हणाला, "आय, तू कशाला?" ती म्हणाली, "रूपाच्या वाटचं काम मी करन. पोरगी नुसती बसून ऱ्हाईल." अंकुशनं दुसरीकडं पाहिलं. वाटेत उलव्याकडं विमानतळाच्या कामावर जाणाऱ्या खडीच्या गाड्या लागल्या, त्यांच्या धुरळ्यात कोणाला कोणाचं तोंड दिसत नव्हतं.

भट्टीवर पहिला थर मांडून झाला. विटा उलटायची वेळ आली तशी जिजा लुगडं खोचून रांगेवर चढली. रूपा कडेला बूट घालून बसली होती. जिजानं पाय जपून टेकवला. वीट दबली. तिनं अंग चोरून दुसरा पाय टाकला, तिथला कोपरा ढासळला. तिसऱ्या पावलाला दोन विटा एकमेकींत शिरल्या. तरी ती पुढं जातच राहिली, वाकून उलटत राहिली, आणि तिच्यामागं चिखलाची एक वाट पडत गेली.

भगवान तिच्यावर ओरडला नाही. त्यानं तिला हात धरून खाली घेतलं. "आजी, तुजा पाय जड हाय," तो म्हणाला. "पोरीला चढव."

जिजा कोणाला काहीतरी बोलेल म्हणून अंकुश बघत राहिला.  रूपानं बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटांत घातले आणि बूट जोडीनं कडेला ठेवले. मग ती विटांवरून चालत गेली, पार मधल्या रांगेपर्यंत. एकही कोपरा मोडला नाही.